डिंक्या, डाऊनी, गोसावी: एकाच घराण्यातले रोग

संत्र्याच्या बुंध्यातून डिंक ओघळायला लागला की बहुतेक जण काय करतात, तर कृषी सेवा केंद्रात जाऊन बुरशीचं औषध मागतात आणि कार्बेन्डाझिमचा पुडा घेऊन येतात, म्हणजे ज्याला सगळेच बाविस्टिन म्हणतात ते. पाण्यात मिसळून आळ्यात ओतलं, वाट बघितली, फरक नाही, मग परत ओतलं, आणि झाड पिवळं पडतच जातं. यात औषध बोगस असतं किंवा प्रमाण चुकतं असं नेहमी नसतं. डिंक्या करणारा फायटोप्थोरा हा जीव मुळात बुरशीच नाहीये, त्यामुळे असल्या बुरशीच्या औषधाने त्याला काही होत नाही. एवढी एक गोष्ट नीट कळली ना की बागेतल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

या जीवांच्या गटाला शास्त्रात ऊमायसिट्स म्हणतात. आपण इथे पाणबुरशी म्हणू, सुटसुटीत पडतं. फायटोप्थोरा, पिथियम, द्राक्षावरचा डाऊनी, बाजरीचा गोसावी, बटाट्याचा उशिरा येणारा करपा, सुपारीची फळगळ, आल्याची कंदकूज, पानमळ्यातली मर, नर्सरीत रात्रीतून आडवी होणारी मिरची-टोमॅटोची रोपं, या सगळ्यांच्या मागे हीच मंडळी असतात (कंदकुजीला आणि मर रोगाला दुसरी कारणंही असतात, पण पावसाळ्यात बऱ्याचदा पहिला नंबर यांचाच).

दिसायला या अगदी बुरशीसारख्या असतात. पांढरे कापसासारखे धागे, त्यावर बीजाणू, आणि झाडात घुसून अन्न शोषून घ्यायचं. म्हणून जुन्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्यांना बुरशीतच टाकलं होतं आणि वर्षानुवर्षं ते तसंच चाललं. नंतर पेशींची रचना आणि डीएनए बघितल्यावर लक्षात आलं की यांचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी आहे. मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खडकांना ते तपकिरी सरगॅसम चिकटलेलं असतं बघा, ते यांच्या भाऊबंदांतलं. आणि खऱ्या बुरशीचं जवळचं नातं कोणाशी, तर प्राण्यांशी! म्हणजे भुरी (पानावर पांढरी पावडर आणणारी, ती खरी बुरशी) आणि डाऊनी हे एकाच द्राक्षाच्या पानावर शेजारी शेजारी दिसले तरी त्या दोघांमधलं अंतर भुरी आणि माणूस यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त आहे. मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

आता फरक नेमका कुठे आहे ते बघू, कारण औषधाचा सगळा हिशोब तिथेच आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, खेकड्याच्या कवचात असतं ते. पाणबुरशीची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन या पदार्थांची. बुरशीच्या धाग्यांत मधे मधे पडदे असतात, पाणबुरशीचा धागा म्हणजे खोल्यांच्या मधल्या भिंतीच नसलेली एक लांबच लांब चाळ, सगळा माल या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनअडथळा वाहतो. आणि बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो जो बुरशी स्वतः तयार करते. हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल अशी जी 'झोल' वाली औषधं आहेत ती नेमकं हे एर्गोस्टेरॉल तयार होणं थांबवतात, म्हणून भुरीवर ती मस्त चालतात. फायटोप्थोरा आणि पिथियम हे स्टेरॉल तयारच करत नाहीत, लागेल तेवढं झाडाकडून उचलतात. जो कारखानाच नाही तो बंद कसा पाडणार?

कार्बेन्डाझिमची गोष्ट तशीच. ते बुरशीच्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि पेशींचं विभाजन थांबवतं, पण पाणबुरशीचं ट्युब्युलिन थोडं वेगळं असल्यामुळे तिथे ते नीट चिकटत नाही. प्रयोगशाळेत मातीतून फायटोप्थोरा वेगळा काढायचा असेल तर तो वाढवायच्या माध्यमात काही ठिकाणी मुद्दाम बेनोमिल घालतात, आणि बेनोमिल विघटन होऊन कार्बेन्डाझिमच होतं. का घालतात, तर बाकीच्या बुरशी मरून जाव्यात आणि फायटोप्थोराला वाढायला मोकळी जागा मिळावी म्हणून. आता हेच आपण आळ्यात करतो तेव्हा काय होत असेल याचा विचार करा. आपण शेणखतातून जो ट्रायकोडर्मा टाकतो ना, तो खरी बुरशी आहे, फायटोप्थोराचा शत्रू आहे, आणि कार्बेन्डाझिमने तो मरतो. म्हणजे शत्रू शाबूत आणि आपला राखणदार गेला, वर पैसेही गेले.

हा विषय फक्त शेतापुरता पण नाही. पिथियमचीच एक जात माणसाच्या डोळ्यात जखम करते, शेतात काम करणाऱ्यांना, घाण पाण्याशी संबंध आलेल्यांना होते. डोळ्यातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीसारखाच दिसतो, बुरशीचे थेंब सुरू करतात, आणि जखम वाढत जाते. भारतातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी, त्यात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतले पण आहेत, यावर बरंच काम केलंय आणि आता लिनेझोलिड, अ‍ॅझिथ्रोमायसिन अशी अँटिबायोटिक वापरतात. तिथेही ओळख चुकली की उपचार चुकतो.

आता यांच्या सगळ्यात मोठ्या ताकदीकडे येऊ, ती म्हणजे पोहणं. पाणबुरशीच्या धाग्यावर लिंबासारख्या आकाराची पिशवी तयार होते. जमिनीत पाणी साचलं, त्यात थोडा गारवा आला की पिशवी उघडते आणि आतून झूस्पोअर म्हणजे पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या, एक पुढे एक मागे, पुढची केसाळ असते आणि तीच ओढत नेते. त्यांना भिंत नसते, डोळे नसतात, पण मुळांतून जी साखर, अमिनो आम्लं वगैरे झिरपतात त्याचा वास, म्हणजे रसायनांचा माग म्हणा, त्यांना बरोबर लागतो आणि ते त्या दिशेने पोहत जातात. मुळापाशी पोचले की शेपट्या टाकून देतात, गोल होतात, भिंत बांधतात, चिकटतात, आणि थोड्याच वेळात त्यातून धागा फुटून मुळात शिरतो. हे सगळं व्हायला काही दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. एका रात्रीचं साचलेलं पाणी बास झालं.

प्रयोगशाळेत तर या पोहण्याचाच फायदा घेऊन रोग शोधतात. बागेतली माती पाण्यात भिजवायची आणि वर लिंबूवर्गीय पानाचे छोटे तुकडे तरंगत ठेवायचे. मातीत फायटोप्थोरा असेल तर झूस्पोअर पोहत वर येतात आणि पानाच्या कडेला चिकटतात, मग ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. गळ टाकून मासा धरायचा तसाच प्रकार.

आणि पाणी संपलं की मरून जातात का, तर नाही. जाड भिंतीचे बीजाणू करून ठेवतात, ते मातीत, कुजलेल्या मुळांत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पुढच्या ओलीची वाट बघतात. म्हणून एकदा जमिनीत आलेला फायटोप्थोरा पूर्ण काढून टाकला असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता हे विदर्भातल्या संत्र्यावर लावून बघा. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड इकडची भारी काळी जमीन, पाऊस पडला की पाणी धरून ठेवते. त्यात जुन्या बागांमध्ये पाणी द्यायची पद्धत काय, तर पाटाने, एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात. म्हणजे पहिल्या झाडाखाली रोग असेल तर आपण स्वतःच त्याला पोहायला रस्ता करून देतोय, ओळीतल्या शेवटच्या झाडापर्यंत. सुरुवात नेहमी खालून होते. आधी तंतुमुळं कुजतात, मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निघून हातात येते आणि आत नुसता दोऱ्यासारखा गाभा राहतो. ही ओळख लक्षात ठेवा, कारण वर काही दिसायच्या आधी हे दिसतं. मग पानं शिरेकडून पिवळी पडतात, फूट बारीक, फळ बारीक, फांद्या शेंड्याकडून वाळायला लागतात. बुंध्याला साल काळपट ओली होऊन फाटते, डिंक येतो. ती कूज बुंध्याभोवती पूर्ण फिरली की झाड गेलं. शेतकरी डिंक बघून जागा होतो पण डिंक दिसेपर्यंत खाली मुळांचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, ही खरी अडचण आहे.

वरून पण हल्ला होतो. ऑगस्ट-सप्टेंबरची झड लागली की पावसाचे थेंब आळ्यातल्या मातीवर आपटतात आणि त्या चिखलाबरोबर बीजाणू खालच्या फळांवर, पानांवर उडतात. आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याची फळं तपकिरी पडून सडतात आणि गळतात. फळगळ दिसली की लगेच संजीवकं आणि खतं मारायची घाई होते, पण गळलेलं फळ आधी हातात घेऊन बघा की ते सडलेलंय का देठापासून सुटलेलंय. जमिनीला टेकलेल्या फांद्या काढून टाकल्या आणि गळलेली फळं उचलून बागेबाहेर नेली तरी हा त्रास बराच कमी होतो, आणि याला फक्त मजुरी लागते.

नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, त्यांच्या शिफारशी बघितल्या तर त्यातल्या बऱ्याचशा पाण्याबद्दल आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बुंध्याला पाणी लागता कामा नये, त्यासाठी दुहेरी आळं करायचं, आतलं आळं कोरडं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. ड्रिप असेल तर ड्रिपर बुंध्याजवळ ठेवायचा नाही. पावसाळ्यात पाणी बाहेर जायला ओळींच्या मधून उताराच्या दिशेने चर काढायचे. कलमाचा डोळा जमिनीपासून 25 ते 30 सेंटीमीटर वर बांधलेला पाहिजे आणि लावताना तो जोड मातीत गाडायचा नाही, नंतर माती चढवताना पण नाही, कारण संत्र्याचा भाग रोगाला नाजूक असतो. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड, तो पण बघायचा, जंबेरी लवकर बळी पडतो, रंगपूर लाईम त्या मानाने तग धरतो. आणि पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट, 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी.

एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे, रोपाबद्दल. कलम पिशवीत असतं, पिशवीत शेतातली माती असते, आणि ती माती रोगट असेल तर तुम्ही रोपाबरोबर रोगही विकत आणलाय. पाच-सहा वर्षं झाड वाढवायचं आणि फळावर आल्यावर ते बसायला लागायचं, हे बघवत नाही हो. रोप घेताना एक पिशवी फाडून मुळं बघू द्या म्हणायला लाजू नका. मुळं पांढरट-पिवळसर आणि भरपूर असली पाहिजेत, काळी आणि साल सुटणारी नकोत.

मोरचूद-चुन्याचं नाव निघालंच आहे तर द्राक्षाकडे जाऊ, कारण तो इतिहास द्राक्षाचा आहे. डाऊनी मूळचा अमेरिकेतला. तिकडच्या जंगली वेली त्याला सरावलेल्या होत्या. फ्रान्समध्ये मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीने द्राक्षबागा संपत आल्या तेव्हा वाचवायला म्हणून अमेरिकेतून खुंट आणले, आणि त्यांच्याबरोबर हा पण आला, 1878 च्या सुमारास तिथे दिसला. फ्रान्सच्या वेलींनी हा कधी बघितलाच नव्हता त्यामुळे पानं झडून गेली. मग 1882 मध्ये बोर्डो भागात पिएर मिलार्डे या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवीगार आहेत आणि आतल्या ओळींची गेलीत. चौकशी केली तर कळलं की येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून बागवाल्यांनी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी मारलं होतं, विषारी वाटावं म्हणून. मिलार्डेने त्यावर प्रयोग केले, 1885 ला प्रसिद्ध केलं, आणि ते बोर्डो मिश्रण आज आपल्याकडे निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत मारलं जातंय.

नाशिककडे ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असते आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस आला की डाऊनी सुटतो. 2019 ला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळीने काय हाल केले ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पानाच्या वरून तेलकट डाग आणि डागाच्या बरोबर खाली पांढरी लव. तोच पांढरा रंग भुरीचा पण, पण भुरी पावडरसारखी पानाच्या वर पण येते, हाताने पुसली जाते आणि तिला पानावर ओल लागत नाही, उलट पावसाने ती धुऊन जाते. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्यातच पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूला जी श्वासाची छिद्रं असतात तिथून आत जातात. म्हणून फवारणी पानाच्या खालून बसली नाही तर उपयोग नाही, आणि सकाळी किती वाजेपर्यंत पान ओलं राहिलं हे बघणं डाऊनीसाठी फार महत्त्वाचं. गर्दीची फूट विरळणी करून हवा खेळती ठेवली की पान लवकर सुकतं.

मोरचुदातल्या तांब्याबद्दल हे लक्षात घ्या की ते पानाच्या वर बसून राहतं आणि तिथे येणाऱ्या बीजाणूला मारतं, आत शिरलेल्याला नाही. रोग दिसल्यावर बोर्डो मारणं म्हणजे उशीर झाला. फवारणीसाठी 1 टक्का, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. तयार झाल्यावर लोखंडी सुरी बुडवून बघायची, तिच्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्लयुक्त आहे, पान जाळेल, अजून चुना घालायचा. मात्र तांबं जमिनीत साठत जातं, त्यामुळे दर चार दिवसांनी मारत सुटायचं हे पण काही खरं नाही.

कोकणात, गोव्याच्या कुळागरांत आणि खाली कर्नाटकच्या मलनाडात हेच बोर्डो पोफळीवर चढून मारतात, सुपारीच्या कोळेरोगासाठी, म्हणजे फळगळीसाठी. मलनाडात आधी पोफळीच्या विरीच्या (झावळीच्या बुडाशी असते ती रुंद साल) टोप्या करून घोसांवर बांधायचे, पाऊस लागू नये म्हणून. रोग नेमका कशाने होतो हे माहीत नसताना लोकांनी पाणी अडवायचं हे ओळखलं होतं! नंतर म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञाने 1910 च्या सुमारास तो फायटोप्थोरा आहे हे दाखवलं आणि बोर्डोचा प्रसार केला.

बाजरीचा गोसावी मात्र पाण्याने आटोक्यात येणारा नाही, तिथे वाणच लागतो. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, दाणा नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एचबी-3 हा संकरित वाण देशभर पसरला होता आणि 1971 ला गोसावीने त्याची वाताहत केली, कारण सगळीकडे एकाच मादी वाणाची रक्तरेषा आणि ती या रोगाला कमजोर. नंतर हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था इक्रिसॅट आणि इतर संस्थांनी रोग न येणारे वाण काढले. हरियाणातला एचएचबी 67 सुधारित वाण तर डीएनए खुणा बघून निवड करून केलेला, 2005 मध्ये आला. पण गोसावीचा जीवही बदलत राहतो, आज टिकणारा वाण काही वर्षांनी पडू शकतो, म्हणून बियाण्याला मेटॅलॅक्झिल चोळतात.

मेटॅलॅक्झिल हे पाणबुरशीसाठीच केलेलं औषध, 1970 च्या दशकाच्या शेवटी आलं आणि सुरुवातीला जादूसारखं चाललं. ज्या बटाट्याच्या करप्याने 1845 पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला, दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, त्याच आयर्लंडमध्ये 1980 ला या औषधाला न जुमानणारा करपा दिसला. औषध येऊन दोनेक वर्षं झाली आणि तिथे त्याचा प्रभाव कमी पडायला लागला. कारण ते जीवाच्या एकाच ठिकाणी घाव घालतं, तिथे छोटासा बदल झाला की सुटला. म्हणून ते मॅन्कोझेब या अनेक ठिकाणी घाव घालणाऱ्या औषधाबरोबर मिसळून येतं, आणि तरीही एका हंगामात परत परत तेच मारायचं नाही. मॅन्डीप्रोपॅमिड, डायमेथोमॉर्फ ही औषधं वेगळी, ती सेल्युलोजची भिंत बांधणंच बिघडवतात, म्हणजे मघाशी सांगितलेला तो भिंतीचा फरक इथे कामाला येतो. एक अट मात्र, ही दोन्ही एकाच गटातली आहेत, आलटून पालटून मारली तरी औषध बदललं असं होत नाही. लेबलवरचा गट बघायचा, कंपनीचं नाव नाही. फोसेटिल एएल त्याहून निराळं, पानावर मारलं तरी खाली मुळांपर्यंत उतरतं आणि झाडाची स्वतःची ताकद पण जागी करतं, म्हणून संत्र्याच्या डिंक्याला ते उपयोगी पडतं.

ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर तो शेणखतात वाढवून, ओल असताना द्या, आणि तांब्याच्या किंवा कार्बेन्डाझिमच्या ड्रेंचिंगच्या (मुळाशी ओतण्याच्या) आगेमागे देऊ नका. आणि या पावसाळ्यात एक काम नक्की करा: मोठा पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत जाऊन कुठल्या झाडांखाली पाणी अजून उभं आहे ते बघा, त्या झाडांना फडकं बांधून ठेवा, आणि चर काढायची सुरुवात तिथून करा.